गंज दाखवला, माप लपवलं

वापरलेला इंजिन ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, विकणारा स्वतःहून गंज दाखवायला लागला, तर जरा जपून. मला गंडवणाऱ्याने नेमकं हेच केलं. "खोटं बोलणार नाही, दोन आणि तीन नंबरच्या बोअरमध्ये पाणी गेलंय. पण गंज वरवरचा आहे, रीबोअर केलात की साफ निघेल," असं म्हणत त्याने आपणहून भावही उतरवला. (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते गोल भोक; रीबोअर म्हणजे त्याची भिंत कापून ते थोडं मोठं करणं.) इतका सरळ माणूस आणखी काही लपवत असेल, असं कुणाच्या मनात येईल?

बोअरला ग्रीस चोपडलेलं होतं. पुसल्यावर तांबूस पट्टा दिसला, बाकी भिंत गुळगुळीत. पिस्टन नव्हते, "ते आधीच गेले" म्हणाला. रीबोअर करायचं तर पिस्टन नवेच लागतात, तेव्हा त्यात वावगं काय?

गोम तिथेच होती. कापून मोठ्या केलेल्या बोअरला मूळ मापापेक्षा मोठा, म्हणजे ओव्हरसाइझ पिस्टन लागतो. त्याच्या डोक्यावर बहुधा किती मिमी मोठा तो आकडा ठोकलेला असतो, 0.25, 0.50 असा. पिस्टन बाजूला केले की ब्लॉक आधी किती कापलाय हे नुसत्या नजरेला कळत नाही.

लेथवाल्याने गंजाकडे पाहिलंसुद्धा नाही. बोअर गेज थेट तळाशी उतरवलं. तिथे पिस्टनवरच्या रिंगा पोचत नाहीत, म्हणून झीज नसते आणि शेवटचं मशीनिंग कुठल्या मापाला झालं ते कळतं. मॅन्युअलप्रमाणे बोअर 84 मिमी. गेज म्हणालं 84.75. विकणाऱ्याने तर "स्टँडर्ड आहे", म्हणजे मूळ मापाचाच आहे, असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

या इंजिनाचे पिस्टन 1.00 ओव्हरसाइझपर्यंतच मिळतात. म्हणजे उरलं 0.25, आणि तेही व्यासावर. भिंतीवरून निघणार फक्त 0.125 मिमी. मग लेथवाल्याने तांबूस पट्टा बारीक एमरीने घासला. लाल भुकटी गेली, खाली काळे टिपके राहिले, आणि नख फिरवलं की त्यांत अडकत होतं. एवढ्याशा कापात ते खड्डे जाणार नव्हते. रिंगा फिरतात त्या पट्ट्याच्या खाली असते तर सोडून दिलं असतं. पण हे वरच्या रिंगच्या वाटेतच होते. तसंच बांधलं असतं तर कॉम्प्रेशन गळणार आणि ऑइल जळणार.

गंजाला मी घाबरत नाही, हे इथे सांगायला हवं. ओतीव लोखंड धुऊन तेल न लावता ठेवलं तर बघता बघता लालसर होतं, आणि तेवढं पुसूनही निघतं. स्टँडर्ड बोअरचा ब्लॉक असता तर हेच खड्डे दुसऱ्या-तिसऱ्या कापात गेले असते. म्हणून गंज किती आहे हे विचारण्याआधी भिंतीत कापायला किती उरलंय ते विचारावं लागतं.

स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये नवी नळी बसवायचा पर्याय होता. त्यासाठी भिंत आणखी बरीच कापावी लागते, म्हणून आधी पाण्याची बाजू बघायचं ठरलं. कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) ठोकून काढले तर वॉटर जॅकेटमधून, म्हणजे बोअरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून, गंजाचे पापुद्रे पडायला लागले. भिंत दोन्ही बाजूंनी खाल्लेली. त्यात बाहेरचा ताजा रंग खरवडताना एका प्लगच्या खाली पुट्टी निघाली, आणि पुट्टीखाली केसाएवढा तडा. प्रेशर टेस्टची गरजच उरली नाही. मेन कॅप (क्रँकशाफ्टला खालून धरणाऱ्या टोप्या) तेवढे काढून ठेवावेत असं वाटलं होतं. पण ते ज्या ब्लॉकवर लाइन बोअर झालेले, म्हणजे ब्लॉकला जोडून एका रेषेत कापलेले असतात त्यालाच बसतात, दुसऱ्याला चालत नाहीत. सगळाच भंगारात.

विकणाऱ्याला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं: "गंज दाखवूनच दिला होता ना?" मापाचं विचारलं तर म्हणे, "मी कुठे मोजलं?" त्याच्याच दुसऱ्या जाहिरातीत त्याच मॉडेलचे पिस्टन विकायला होते. वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं: 0.75.

तेव्हा ब्लॉक बघायला जाताना कॅलिपर न्या आणि बोअरच्या अगदी तळाशी माप घ्या. झीज त्याने कळणार नाही, पण 0.75चा फरक लपत नाही. पिस्टन "गेले" असतील तर कुठल्या मापाचे होते ते मेसेजवर लिहून मागा. ताजा रंग आणि ग्रीस पुसू देत नसेल, तर पुढचं बोलूच नका.