ग्रीकांवरचं मुलांचं पुस्तक: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत लेकीसाठी प्राचीन ग्रीकांवरचं एक मोठ्या आकाराचं सचित्र पुस्तक घेतलं. मराठी अनुवाद, जाड गुळगुळीत पानं, सोबत घडीचा नकाशा. लेक नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. पहिल्या आठवड्यात अभिप्राय लिहिला असता तर भरभरून कौतुक केलं असतं, महिन्याभराने लिहिला असता तर पैसे वाया गेले म्हटलं असतं. आता आठ महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला आम्ही रोज रात्री ओळीने वाचत होतो. झ्यूस, ट्रॉयचा लाकडी घोडा, मेड्युसा. मुलं ऐकायची आणि झोपायची, बास. तिसऱ्या आठवड्यात पुस्तक कपाटात गेलं ते गेलंच. जानेवारीत लेक आजारपणात घरी होती, तेव्हा तिने स्वतःच ते काढलं आणि मधलंच एक पान उघडलं. एराटोस्थेनीसचं. तिथून या पुस्तकाचा खरा वापर सुरू झाला.

हा माणूस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. इजिप्तच्या दक्षिणेला सायीन, म्हणजे आजचं आस्वान, तिथे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचं अंतराचं माप), म्हणून पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नासपट, २,५०,००० स्टेडिया. एक काठी, एक सावली आणि एक गुणाकार!

लेकीने विचारलं, "आई, आपल्याकडे सावली नाहीशी होते का?" होते. पुण्यात मेच्या मध्यावर होते. चार महिने तिने कॅलेंडरवर खुणा केल्या. त्या दिवशी साडेबाराला आम्ही गच्चीवर पाण्याची बाटली उभी केली. सावली आखडत आखडत बाटलीच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. धाकटा ओरडला, "सावली बाटलीच्या खाली जाऊन बसली!"

नागपूरला मुलांची आत्या असते. तिने त्याच दिवशी मीटरभर लांबीचा पाइप ओळंबा लावून सरळ उभा केला होता. नागपूरची मध्यान्ह आपल्या वीसेक मिनिटं आधी होते, त्यामुळे तिचं माप आधीच आलं होतं: सर्वांत आखूड सावली साडेचार सेंटिमीटर, उत्तरेकडे. पाइपची लांबी त्रिज्या धरली, तर १०० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८, त्याला साडेचारने भागलं की साधारण १४०. म्हणजे पुणे–नागपूर हा पृथ्वीच्या घेराचा एकशेचाळिसावा तुकडा.

इथे गंमत झाली. लेकीने अंतर म्हणून गाडीने जायचे ७०० किलोमीटर घेतले आणि पृथ्वी ९८,००० किलोमीटरची निघाली. चुकलं कुठे, हे शोधायला दोन दिवस लागले, आणि हे दोन दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. नागपूर पुण्याच्या सरळ उत्तरेला नाही, बरंचसं पूर्वेला आहे. या हिशेबात फक्त उत्तर-दक्षिण अंतर धरायचं असतं. तिने नकाशावर दोन आडव्या रेषा मारून पट्टीने मोजलं, ते आलं साधारण २९०. मग १४० गुणिले २९०, म्हणजे ४०,६००. खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

पुस्तकाचा दोषही यातच कळला. अलेक्झांड्रिया आणि सायीन जवळजवळ एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर आहेत असं गृहीत धरूनच हा हिशेब होतो, आणि नेमकं हेच पुस्तकात नाही. शिवाय त्याचं नाव एका पानावर 'एराटोस्थेनीस', दुसऱ्यावर 'इरॅटॉस्थेनिस'. लेकीला बराच काळ ही दोन माणसं वाटत होती.

दुसरं आवडलेलं पान अथेन्सच्या खापऱ्यांचं. एखादा माणूस डोईजड होतोय असं वाटलं तर नागरिक खापरीवर त्याचं नाव कोरायचे. ६,००० खापऱ्या जमल्या की ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याला दहा वर्षं हद्दपारी. ॲरिस्टायडीस या सचोटीच्या माणसाची गोष्ट प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो. एका निरक्षर मतदाराने त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापरी दिली आणि 'ॲरिस्टायडीस' लिहायला सांगितलं. का, तर त्याला सगळे न्यायी न्यायी म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. त्याने निमूटपणे स्वतःचं नाव लिहून दिलं. आमच्याकडे फुटलेल्या कुंडीच्या तुकड्यांवर मतदान झालं आणि कारलं दहा दिवसांसाठी हद्दपार झालं. त्यानंतर लेकीने विचारलं, "बायका कुणाचं नाव लिहायच्या?" बायकांना मत नव्हतं, गुलामांनाही नव्हतं. पुस्तकाने हे एका ओळीत उरकलंय. मुलं इतकी लहान नसतात, त्यांना नीट सांगायला हवं होतं.

माझी खरी तक्रार 'ग्रीकांनी जगाला दिलं' या पालुपदाबद्दल आहे. लोकशाही दिली, लिपी दिली, भूमिती दिली. पण अक्षरं ग्रीकांनी फिनिशियन (आजच्या लेबनॉनकडच्या) व्यापाऱ्यांकडून घेतली आणि त्यांतल्या काहींना स्वरांचं काम दिलं. ही हकिगत किती तरी जास्त रंगतदार आहे! आणि पुतळे सगळे पांढरेशुभ्र दाखवलेत, जेव्हा मुळात ते रंगवलेले असायचे.

आपल्यापर्यंतचा धागा तर पुस्तकात नाहीच. तो आम्ही शोधला. आपण 'दाम करी काम' म्हणतो, तो दाम ग्रीकांच्या द्राख्मा नाण्यावरून आलेला. वर्तुळाचं केंद्रही ग्रीक 'केंट्रॉन'वरून. फेब्रुवारीत कार्ल्याची लेणी पाहायला गेलो. चैत्यगृहातल्या काही खांबांवर ब्राह्मीत लिहिलंय की हा खांब धेनुकाकटच्या अमुक यवनाचं दान. यवन म्हणजे मुळात आयोनियाचे (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे) ग्रीक, पुढे त्या बाजूने आलेले सगळेच. एका दात्याचं नाव सिहधय, म्हणजे नावसुद्धा इथलंच झालेलं. लेक खांबाला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मग हे आपले ग्रीक."

घ्यायचं की नाही? आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी जरूर घ्या, पण शेजारी बसायची तयारी असेल तरच. देवादिकांची प्रकरणं नंतर वाचली तरी चालतील, आधी काठीचं पान उघडा. बांधणी कच्ची आहे. आमची पानं तिसऱ्या महिन्यात सुटली, शेवटी बाइंडिंगवाल्याकडून शिवून घेतली. तुम्ही आणल्या आणल्याच शिवून घ्या.