कोलांटी पण हवी आणि मारामारीत टिकायचं पण आहे, मग क्लास कुठला लावायचा?

माझा मावसभाऊ १९ वर्षांचा आहे, शाळेत मल्लखांब केलेला, अंग रबरासारखं. परवा म्हणतो, दादा मला असं काहीतरी शिकायचंय की हवेत गिरकी पण मारता आली पाहिजे आणि रात्री स्टेशनबाहेर कोणी कॉलर धरली तर सुटता पण आलं पाहिजे. त्याला मेसेज टाइप करता करता इतकं लांबलं की म्हटलं नीट लिहूनच काढावं.

आधीच सांगतो, गिरकी आणि बचाव एकाच डावात मिळत नाही. रस्त्यावर तुम्ही जीन्स आणि चपलेत असता, फुटपाथ ओला असतो, समोरचा हातभर अंतरावर असतो आणि त्याने आधीच शर्ट पकडलेला असतो, तिथे हवेत दीड गिरकी घेऊन मारायची ५४० किक मारायला जागाच कुठे आहे. म्हणून कला कुठली भारी यापेक्षा मी एकच बघतो: ज्याला मार खायचा नाहीये, पडायचं नाहीये, अशा माणसासमोर क्लासमध्ये तुम्हाला उभं करतात का?

हे शहाणपण फुकट नाही आलं. मी तीन वर्षं तायक्वांदो केलं, उंच लाथा मस्त बसायच्या, एकदम हवेत होतो. मग सांदा (ठोसे, लाथा आणि पाडणं असलेला चिनी लढतीचा खेळ) खेळणाऱ्या एका मित्राबरोबर सहज मस्ती करायला उभा राहिलो, त्याने माझी तिसरी का चौथी लाथ हातात धरली, उभ्या पायाला पाय लावला आणि मी पाठीवर. दोन मिनिटांत चारदा. तायक्वांदोला नावं नाही ठेवत, २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये मेडलचा खेळ आहे आणि वेग, अंतर, टायमिंग यात तो अफाट आहे. पण स्पर्धेच्या नियमांत तोंडावर ठोसा चालत नाही, कमरेखाली लाथ चालत नाही, लाथ धरून पाडणं चालत नाही, आणि गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला जादा पॉइंट. त्यामुळे हात खाली ठेवायची सवय लागते, ती रस्त्यावर महागात पडते. प्लस पॉइंट म्हणजे क्लास गल्लोगल्ली मिळतो.

दिसायला सगळ्यात देखणं कापोएरा. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांमधून आलेलं, १८९० च्या तिथल्या कायद्यात चक्क गुन्हा ठरवलेलं, पुढे मेस्त्रे बिंबाने १९३२ मध्ये साल्वादोरला अकादमी काढून त्याला शिस्तीत बसवलं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. बेरिंबाउ या एका तारेच्या वाद्याच्या तालावर सतत झुलत राहायचं, त्याला जिंगा म्हणतात, त्यातूनच कार्टव्हील, त्यातूनच लाथ. यातली रास्तेरा, म्हणजे लाथ मारणाऱ्याचा टेकलेला पाय खालून झाडून टाकणं, ही खरंच कामाची चीज आहे. आणि हात जमिनीला टेकवून फिरवलेली मेया लुआ ही लाथ लागली तर एमएमएमध्येही (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीत) माणूस आडवा झालाय. अडचण एवढीच की बऱ्याच वर्गांत लाथ लागू न देता खेळतात, ठोशांचा सराव जवळपास नाही, आणि कॉलर धरली तर काय हा प्रश्नच येत नाही. मजेसाठी जायचं असेल तर डोळे झाकून जा.

वुशू या चिनी खेळावर मात्र माझा जीव आहे, कारण एकाच छपराखाली दोन्ही मिळायची शक्यता इथे सगळ्यात जास्त. एक भाग ताओलू, त्यात उड्या, ७२० अंशांच्या गिरक्या, तलवार, भाला, सगळा तमाशा. दुसरा सांदा, ज्यात ठोसा, लाथ आणि पाडणं तिन्ही चालतं, आणि ८ बाय ८ मीटरच्या, ८० सेंटीमीटर उंच ओट्यावर लढत होते, खाली ढकललात तरी पॉइंट. मणिपूरच्या रोशिबिना देवीने हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सांदात सिल्वर आणलं. सांदातही जमिनीवरची झटापट नाही, पडलं की रेफरी उठवतो, पण लाथ धरणाऱ्याचं काय करायचं ते पहिल्या काही महिन्यांतच कळतं (मला उशिरा कळलं). फक्त क्लास लावण्याआधी विचारा, कारण काही ठिकाणी नुसतं ताओलूच शिकवतात आणि सांदा फक्त बोर्डावर लिहिलेला असतो.

केरळच्या कलरीपयट्टू या युद्धकलेचा मोह होईल, होणारच. तिथल्या ज्येष्ठ गुरू मीनाक्षी अम्मांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचे व्हिडिओ बघून आपण सगळेच वेडे झालो होतो. पण शिकण्याचा क्रम बघा: आधी मेय्थारी म्हणजे अंग तयार करणं, मग कोल्थारी लाकडी काठ्यांची, मग अंकथारी धातूच्या हत्यारांची, आणि वेरुमकई म्हणजे रिकाम्या हातांनी लढणं शेवटी. म्हणजे तुम्हाला जे सहा महिन्यांत हवंय ते काही वर्षांनी येणार. आपल्या कोल्हापूरच्या मर्दानी खेळाचंही तसंच, दांडपट्टा बघताना अंगावर काटा येतो, पण दांडपट्टा घेऊन लोकलमध्ये कोण चढणार. लाठी मात्र शिकून घ्या, छत्री हातात असली तरी फरक पडतो.

आणि एक देशी जुगाड: मल्लखांब चालू ठेवायचा आणि जोडीला ज्यूडो किंवा तालमीतली कुस्ती. गिरकीची हौस खांबावर, बचाव मॅटवर किंवा मातीत. ज्यूडोतला खांद्यावरून फेकायचा डाव आपल्या धोबीपछाडच्या जवळचाच आहे, आणि कॉलर धरलेल्या माणसाचं काय करायचं हे ज्यूडोवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, त्याचा खेळच कॉलरपासून सुरू होतो. शिवाय नीट पडायला शिकवतात. चोरापेक्षा बाथरूममध्ये घसरून पडण्याची वेळ आयुष्यात जास्त येते.

भावाला म्हटलं, चांगला सांदा कोच अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल तर वुशू, नाहीतर मल्लखांब अधिक ज्यूडो, कापोएरा सुट्टीत. ट्रायलला जाशील तेव्हा कोचचं नाही, सहा महिने झालेल्या पोराचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत बघ. शनिवारी जातोय. माझा जुना चेस्ट गार्ड घे म्हटलं तर घेतला, माउथगार्ड पण देऊ का विचारलं तर फोनच ठेवला.