‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ची ब्लू-रे: एक डिस्क, एक ट्रान्सफॉर्मर आणि आई

आधी तक्रार. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ही ब्लू-रे भारतात विकल्या जाणाऱ्या सरळ साध्या प्लेअरवर चालत नाही. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे तीन तुकडे, म्हणजे ‘रीजन’, केलेत आणि एका रीजनची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिका ‘ए’मध्ये आणि आपण ‘सी’मध्ये, चीन आणि रशियाच्या पंगतीला. न्यू जर्सीतला भाचा चवथीला आला तेव्हा डिस्क घेऊन आला. पैसे विचारले तर म्हणाला, मामा, मोदक खाल्ले ना तुमच्याकडे, फिटले. पणजीतल्या एका दुकानदाराने ‘सगळं चालतं यावर’ म्हणून विकलेल्या माझ्या प्लेअरमध्ये मी ती घातली. पडद्यावर एक निळी पाटी आली आणि तिथेच थांबली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पेनड्राईव्हवर आणा, चालेल.

शेवटी डिसेंबरात भाच्यानेच तिकडचा जुना प्लेअर कुणाच्या तरी सामानातून पाठवला. तो एकशेदहा व्होल्टचा निघाला. म्हणजे फोंड्याच्या बाजारातून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आला. आता टीव्हीमागे दीड किलोचा लोखंडी ठोकळा घूंऽऽ करत बसलेला असतो. एवढं सगळं एका साठ वर्षं जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमासाठी, असं बायको म्हणाली. तिचं म्हणणं मी लिहून ठेवतोय, कारण पूर्ण खोटं नाही.

सिनेमा १९६६चा. दिग्दर्शक जिलो पोन्तेकोर्वो, इटलीचा. फ्रेंचांविरुद्ध अल्जेरियाच्या राजधानीत, अल्जियर्स शहरात १९५४ ते १९५७ या काळात जो भूमिगत लढा झाला त्याची ही गोष्ट. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीचा सुवर्णसिंह, म्हणजे पहिला पुरस्कार, याला मिळाला, आणि फ्रान्समध्ये मात्र तो काही वर्षं दाखवता आला नाही. याच माणसाने पुढे १९६९ मध्ये मार्लन ब्रँडोला घेऊन पोर्तुगीज वसाहतीवरचा सिनेमा केला, ते आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. असो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो मडगावात, एका शाळेच्या हॉलमध्ये, फिल्म सोसायटीच्या खेळाला. सोळा एमएमची प्रिंट, बेडशीटचा पडदा, दोनदा रीळ तुटलं. आम्ही विशीतले होतो आणि गोवा मुक्त होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. बॉम्ब फुटला की मागच्या बाकांवरून टाळ्या यायच्या. मीही वाजवल्या. नंतर एका मित्राने सीडीवर नक्कल करून दिली. त्यात सगळे फ्रेंच म्हणजे पांढरे ठिपके आणि सगळे अल्जेरियन म्हणजे काळे ठिपके. तरी ती मी सहा-सात वेळा पाहिली असेल.

आता डिस्कबद्दल. क्रायटेरियनची ब्लू-रे २०११ची, दोन डिस्कची. छायाचित्रकार मार्चेल्लो गात्ती याच्या देखरेखीखाली फिल्मवरून डिजिटलमध्ये उतरवलेलं हे ट्रान्स्फर. २०१६ मध्ये बोलोन्यात या सिनेमाचं फोर-के रिस्टोरेशन झालं, ही त्याच्या आधीची. पण माझ्या बत्तीस इंची टीव्हीला एवढं पुरे आहे.

‘रिस्टोर केलेला’ म्हटलं की मला धडकी भरते. आमच्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे लाकडी खांब काढून ग्रॅनाइट बसवायचा आणि वर स्टीलची रेलिंग. सिनेमातही ते करतात. दाणा, म्हणजे फिल्मच्या चित्रातले ते बारीक रवे, पुसून टाकतात, माणसांची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. या सिनेमात तर दाणा हाच जीव आहे. पोन्तेकोर्वो आणि गात्ती यांनी तो मुद्दाम आणलेला, बातमीपटासारखा दिसावा म्हणून. तो इतका जमला की अमेरिकेत लागला तेव्हा यात न्यूजरीलचा एक फूटही वापरलेला नाही अशी पाटी घालावी लागली. तर इथे दाणा शाबूत आहे. भिंती खरबरीत दिसतात, आभाळ रवाळ दिसतं. गेलंय ते फक्त ओरखडे, डाग आणि रीळ बदलतानाची थरथर. आणि आलेत चेहरे.

त्या चेहऱ्यांसाठी मी आईला बोलावलं. आई ब्याऐंशीची. १९५५ मध्ये, गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध लढा चालू होता तेव्हा, बारा वर्षांची होती. डोळ्यांत लेन्स बसवलीय, दूरचं चांगलं दिसतं, इंग्रजी वाचता येत नाही. बोलणं फ्रेंच आणि अरबी, खाली इंग्रजी सबटायटल्स, म्हणून मी शेजारी बसून तिला कोकणीत सांगत गेलो. सबटायटल्स पांढरी आहेत. कडेला काळी रेघ आहे खरी, पण मागे कसबातली (अल्जियर्सची जुनी, अरबांची वस्ती) चुन्याची भिंत आली की शब्द शोधावा लागतो.

सिनेमा सुरू होतो तो छळ संपल्यावर. एक हडकुळा माणूस, उघडा, थरथरतोय. त्याने पत्ता सांगून टाकलाय. सैनिक त्याच्याशी आता अगदी मऊ वागतात. त्याला कॉफी देतात. स्वतःचा गणवेश चढवतात, डोक्यावर टोपी ठेवतात, म्हणजे गल्लीत त्याला कुणी ओळखणार नाही. माझ्या सीडीत हा प्रसंग म्हणजे काळोखात हलणारं काहीतरी होतं. इथे त्याच्या छातीवरचे डाग दिसतात आणि डोळ्यांत साठलेलं पाणी दिसतं. आई म्हणाली, ‘‘ताका कॉफी कित्याक दितात रे?’’ मी म्हटलं, बोलला म्हणून. ती बराच वेळ गप्प होती.

पुढचा तासभर ती रमली. गल्ल्या, जिने, गच्च्या, बुरख्यातल्या बायका. फ्रेंच सैन्याचा कर्नल मातिए फळ्यावर त्रिकोण काढून सांगतो की यांच्या संघटनेत एका माणसाला फक्त तिघे ठाऊक असतात, तेव्हा आईला आझाद गोमंतक दल आठवलं, गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध हत्यार उचललेलं. ते आठवलं म्हणजे मोहन रानडे आलेच. मराठीचे मास्तर म्हणून गोव्यात आलेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेलेले, सव्वीस वर्षांची शिक्षा. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच, सुटले ते १९६९च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके धडपडले हे सांगताना आई नेहमी ‘आपले बाबूजी’ म्हणते, जसे काही ते आमच्या वाड्यावर राहायचे. मी सिनेमा थांबवून ठेवला होता. ट्रान्सफॉर्मर घुमत होता.

(मातिएचं काम करणारा जाँ मार्तें हा यातला जवळजवळ एकटाच धंदेवाईक नट. बाकीचे रस्त्यावरून उचललेले. आणि भूमिगतांचा म्होरक्या जाफर झालेला सादी यासेफ हा खरोखरचा म्होरक्या. त्याने तुरुंगात लिहिलेल्या आठवणींवरून सिनेमाची सुरुवात झाली. पहिल्या पाहण्यात हे मला माहीत नव्हतं. आता माहीत असून त्याच्याकडे बघताना गंमत येते, तो अभिनय करताना थोडा अवघडलेला वाटतो.)

मग तो प्रसंग. तीन बायका आरशासमोर उभ्या. बुरखे उतरवतात, केस कापतात, रंगवतात, लिपस्टिक लावतात, फ्रेंच पोरींसारखे कपडे घालतात. संवाद नाहीत, मागे फक्त ढोल. आवाज मोनो आहे, पण साफ. जुन्या प्रिंटमध्ये हा ढोल डबा बडवल्यासारखा यायचा, इथे त्याला कातडं आहे. मग टोपल्या-पिशव्यांत बॉम्ब घेऊन त्या नाक्यावरून जातात. कुणाला तपासतात, कुणाशी सैनिक हसून बोलतात आणि सोडतात.

नाका पार झाला तेव्हा आईने तिची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. दुर्भाटच्या धक्क्यावर थोरली मावशी अबोलीचे वळेसर (गजरे) घेऊन होडीत चढतेय, परडीत केळीच्या पानाखाली पत्रकं, सोबत बारा वर्षांची आई. पाखल्याने, म्हणजे पोर्तुगीज शिपायाने, परडीत हात घातला, एक वळेसर उचलला आणि जाऊ दिलं. गोष्ट इथे संपते आणि आम्ही मावशीचं कौतुक करतो.

तेवढ्यात पडद्यावर फ्रेंचांच्या कॅफेत एक लहान पोर आईस्क्रीम चाटत होतं. कॅमेरा एकेका माणसावर जातो. गप्पा मारणारे, गल्ल्याशी उभे असलेले, नाचणारी तरुण पोरं. ज्या बाईने बॉम्ब ठेवलाय ती हे सगळं बघते, आणि तिच्याबरोबर आपण बघतो. माझ्या सीडीत हे ठिपके होते. मडगावच्या बेडशीटवरही ठिपकेच असणार, नाहीतर आम्ही टाळ्या कशा वाजवल्या? इथे त्या पोराच्या हनुवटीवरचं आईस्क्रीम दिसतं.

आई म्हणाली, तो पाखलोही पोरसवदाच होता. तोंडावर पुटकुळ्या होत्या. वळेसर घेऊन ‘ओब्रिगाद’, थँक्यू, म्हणाला.

शंभर वेळांत हा पाखला कधी बोलला नव्हता.

स्फोटानंतर जे शोकाचं संगीत वाजतं तेच थोडं आधी कसबातली घरं उडवल्यावरही वाजलेलं असतं. एन्नियो मोरिकोने आणि स्वतः पोन्तेकोर्वो यांचं हे काम. दोन्हीकडच्या मढ्यांना एकच सूर. हे कुठेतरी वाचलं होतं, पण कानांनी ओळखलं ते आत्ता. सिनेमा म्हणून तो यामुळे माझ्यासाठी सुधारलाय का ते ठरवता येत नाही, अवघड मात्र झालाय. तो कुणाच्या बाजूचा आहे याबद्दल शंका नाही. शेवटी १९६०च्या डिसेंबरात रस्त्यावर उतरलेली गर्दी, धुरातून नाचणारी बाई, हे बघताना आजही अंगावर काटा आला. आईने तर हात जोडले, का ते विचारलं नाही.

दुसऱ्या डिस्कवर एवढं सामान आहे की एका बसणीत होत नाही. पोन्तेकोर्वोवरचा एडवर्ड सईद यांच्या निवेदनातला माहितीपट पहिला बघा. मीरा नायर, स्पाइक ली वगैरे पाच दिग्दर्शक सिनेमाबद्दल बोलतात, ते ठीक. खरं बघण्यासारखं आहे ते फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचं बोलणं. मास्यू, बिजार, ओसारेस. म्हातारे झालेले, चांगल्या खुर्च्यांत बसलेले, छळाबद्दल असं बोलतात जणू जमिनीच्या मोजणीचं काम होतं. पेंटागॉनने २००३ मध्ये हा सिनेमा आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला होता. त्या धर्तीवर दोन अमेरिकन दहशतवादतज्ज्ञांची चर्चाही आहे. ती मी अर्ध्यावर सोडली. पुस्तिका जाड आहे, यासेफच्या लेखनातला उतारा आणि पटकथाकार फ्रांको सोलीनासची मुलाखत तिच्यात आहे. अक्षर मात्र इतकं बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागलं.

एक हळहळ. ‘सिंहासन’ही काळा-पांढराच. जब्बार पटेलांचा, १९७९चा. मंत्रालयातले ते जिने, निळूभाऊंचा तो पत्रकार, हे मला घरी असं, दाण्यासकट, भिंतीच्या पोपड्यांसकट बघायचंय. त्यासाठी आणखी एक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला तरी चालेल.

मग घ्यावी का ही डिस्क? प्लेअर रीजन ए चालवणारा किंवा सगळे रीजन चालवणारा असेल तर घ्यावी. नसेल तर आधी प्लेअरचा विचार करावा आणि दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नये, स्वतःची डिस्क नेऊन दुकानात लावून बघावी. पडदा लहान असला तरी फरक कळतो, हे मी बत्तीस इंचांवरून सांगतोय. एकट्याने बघण्यापेक्षा घरातल्या वयस्कर माणसाला शेजारी बसवावं आणि रिमोट हातात ठेवावा, कारण थांबवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा पिताना विचारलं, त्या कॉफीवाल्याचं पुढे काय झालं. मी म्हटलं, सिनेमात ते सांगत नाहीत. ती म्हणाली, मग तेवढंच परत लाव. पुन्हा ट्रान्सफॉर्मर जोडला.