जादा लाईटची वायरिंग: बीडमधलं जालना रोडवरचं दुकान

माझी बोलेरो पिकअप आहे. रात्री भाजी भरून वडवणी-तेलगावमार्गे परळीकडं जायचं म्हणजे हंगामात रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्याही मागं दिवा नसलेल्या. म्हणून ५५ वॅटचे दोन हॅलोजन बसवून घेतले.

मिस्त्रीनं आधी हिशोबच मांडला. ११० वॅट, १२ व्होल्ट, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट. एवढा भार डॅशबोर्डच्या बारक्या बटनावर टाकला की बटन तापून वितळणारच, म्हणून रिले, म्हणजे बटनाच्या थोड्याशा करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांना नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीची वायर, तिच्यात बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज; ८७ वरून लाईटला; ८५ अर्थिंगला; आणि ८६ ला हाय बीममधून बटनातून आलेली वायर. त्यामुळं डिपरवर घेतलं की जादा लाईटही आपोआप बंद. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, हे मला सगळ्यात पटलं. वायर अडीच एमएमची, इंजिनच्या बाजूला सगळी पाईपातून. अर्थिंगच्या जागी रंग घासून पत्रा उघडा केला, मगच बोल्ट कसला. एवढं कोण करतंय हो आजकाल?

मजुरी जरा जास्तच, घासाघीस चालत नाही. बसायला सावली नाही. बटन दिलं तेही हलकंच वाटतंय.

लाईट आपण नेले तरी लावून देतो. रिले आणि फ्यूज होल्डर मात्र स्वतःचेच वापरतो, त्यावर हुज्जत घालू नका.