एक्सकॉपी की रोबोकॉपी?

एक्सकॉपी आणि रोबोकॉपी या विंडोजमधल्या फाइली कॉपी करायच्या कमांड्स. सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपात रोज संध्याकाळी डी ड्राइव्हवरचा हिशोब ई वर नेण्यापुरती एक्सकॉपी ठीक. पण फाइल उघडी राहिली आणि '/सी' (चूक आली तरी पुढे चल) नसेल, तर काम तिथंच थांबतं. पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, २५४ अक्षरांपुढे गेला की 'मेमरी अपुरी' असा संदेश येतो. रॅम घ्यायला धावू नका, फोल्डरांची नावं छोटी करा.

रोबोकॉपीला लांब पाथ चालतो, म्हणून रोजच्या बॅकअपला तीच बरी. मात्र अडलेल्या फाइलसाठी ती मुळात १० लाख प्रयत्न करते, दरवेळी ३० सेकंद थांबून! '/आर:२ /डब्ल्यू:५' घालाच, म्हणजे पुन्हा दोनच प्रयत्न, दरवेळी ५ सेकंद थांबून. एक्झिट कोड (काम संपल्यावर कमांड देते तो आकडा) १ म्हणजे चूक नव्हे, फाइली पोचल्या. अपयश ८ पासून. त्यामुळे बॅच फाइलमधली (कमांड्स लिहिलेली फाइल) १ लाही चूक धरणारी जुनी 'इफ एररलेव्हल १' ही ओळ बदला, तिथं ८ घाला. '/एमआयआर' लावलं तर मूळ फोल्डरात नसलेलं सगळं ई वरूनही पुसलं जातं. आधी '/एल' जोडून नुसती यादी पाहा.