मागच्या खोलीसाठी घेतलेला ऑइल हीटर

बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना जानेवारीतली पहाट मुंबईची वाटत नाही, आणि सासूबाई आमच्या मागच्या खोलीत मुक्कामाला आल्या की त्यांचे गुडघे ते लगेच सांगतात. म्हणून यंदा २००० वॅटचा, तेल भरलेला हीटर घेतला. त्यातले तेल जळत नाही, केवळ तापते. त्यामुळे कोळशाच्या शेगडीप्रमाणे बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका नाही. खोली उबदार व्हायला अर्धा तास लागतो, मात्र बटण बंद केल्यावरही पाती बराच वेळ गरम राहतात.

खरी अडचण प्लगची निघाली. हा हीटर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो आणि खोलीत सॉकेट होते ६ अँपिअरचे. दुकानदाराने एक्स्टेन्शन बोर्ड सुचवला, पण असा बोर्ड तापून वितळू शकतो, म्हणून आम्ही वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घेतला. पूर्ण क्षमतेवर तासाला २ युनिट वीज जाते, हे बिल भरणाऱ्याने लक्षात ठेवावे. पहिल्याच रात्री सासूबाईंनी पात्यांवर ओला पंचा वाळत घातला. तो तेवढा घाईने काढावा लागला. चाके मात्र अगदीच तकलादू आहेत.