जुनी फुलं, नवी घडण: डिओरिसिमो, फ्राका आणि शनेल नंबर पाच मराठवाड्याच्या उन्हात

मोगरा, निशिगंध, जाई रोज हाताळणाऱ्यांना फुलांच्या जुन्या फ्रेंच परफ्यूमची पारख वेगळी शिकावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात संध्याकाळी ओल्या फडक्याखालचे गजरे उघडले की गोडव्याच्या मागोमाग एक किंचित कुबट, अंगाच्या वासाजवळ जाणारी झाक येते. ती इंडोल नावाच्या, या फुलांत असणाऱ्या रेणूची. ती काढून टाकली तर उरतो साबणातला मोगरा. फॉर्म्युला बदललेल्या परफ्यूमबद्दलची बरीचशी तक्रार हीच आहे: फूल जागेवर आहे, त्याच्या खालचं अंग गेलंय.

बदलामागे केवळ पैसे वाचवणं नाही, हे आधी सांगायला हवं. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून घटकांच्या मर्यादा ठरवते, आणि युरोपचे कायदे काही बाबतींत त्याहून कडक आहेत. ओकमॉस घ्या. आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं हे. त्यातल्या अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉलमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून ते दोन्ही युरोपात बंद झाले. त्यांच्यासोबत लायराल हे कृत्रिम सुगंधी द्रव्यही गेलं; २०२१ च्या ऑगस्टनंतर ते असलेला माल तिथे विकता येत नाही. १ मार्च २०२२ पासून लिलियाल हे तसंच दुसरं द्रव्यही बंद. लायरालने लोकांच्या कातडीला खरोखर त्रास होत होता. बंदी योग्यच होती, पण वासाचं नुकसानही खरं आहे.

हे नुकसान सगळ्यात स्पष्ट दिसतं डिओरच्या डिओरिसिमोत. एडमंड रुदनित्स्का यांनी तो १९५६ साली बांधला. फूल आहे म्युगे, म्हणजे लिली ऑफ द व्हॅली: लहान पांढऱ्या घंटांचा घोस. या फुलाचं वापरण्याजोगं तेल निघतच नाही. डेग-भपक्यात घाला नाहीतर सॉल्व्हंटमध्ये भिजवा. त्यामुळे त्याचा वास हायड्रॉक्सीसिट्रोनेलालसारख्या रेणूंतून उभा करावा लागतो. लायराल आणि लिलियाल हे याच कामाचे पुढचे गडी. आता पहिल्यावर मर्यादा, उरलेल्या दोघांवर बंदी. सध्याच्या ईडीटीची (ओ द तॉयलेत, म्हणजे हलक्या प्रकाराची) सुरुवात अजून सुरेख आहे: ओली, हिरवी, नुकतीच देठं खुडल्यासारखी. पण जुन्या बाटलीत अर्ध्या तासानंतर या हिरवेपणाखालून चमेली वर यायची, आणि तिच्यातल्या इंडोलमुळे फूल जिवंत वाटायचं. नव्यात त्या जागी स्वच्छ धुतल्या कपड्यांचा मस्क, म्हणजे कृत्रिम कस्तुरी, येतो. वाईट नाही, पण रुदनित्स्कांनी केलेलं काम ते नव्हे. डिओरिसिमो घ्यायचा तर जुनाच शोधावा, हे आमचं स्पष्ट मत.

फ्राकाचं उलट. जर्मेन सेलिए यांचा हा १९४८ चा परफ्यूम म्हणजे निशिगंध, आणि निशिगंध इथल्या वाचकाला फसवू शकत नाही. ताजी कांडी नाकाजवळ धरा: लोण्यासारखा दाट गोडवा, आणि पाठोपाठ मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाची थंड झाक. ती मिथाइल सॅलिसिलेटची. मधे बंद पडून पुन्हा बाजारात आलेल्या आजच्या फ्राकात लोणी भरपूर, मलमाची झाक कमी आणि तळ हलका. तरी फूल ओळखू येतं. इथे जुन्या बाटलीसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. मात्र मे महिन्यात एकच फवारा. दोन मारले तर लातूरच्या बसमध्ये शेजारच्याचं डोकं उठेल.

शनेल नंबर पाच (१९२१, अर्नेस्ट बो) घेताना नावापेक्षा प्रकार बघावा. ईडीपी (ओ द पार्फम) १९८६ मध्ये आली. ती मूळ परफ्यूम पातळ करून केलेली नाही, तिची मांडणीच वेगळी आहे. एक्स्ट्रे, म्हणजे छोट्या बाटलीतला पार्फम, अजूनही दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावच्या चमेलीवर उभा आहे. जुन्यातले नायट्रो मस्क (कृत्रिम कस्तुरीचा जुना प्रकार) गेले, त्यामुळे शेवटचा पावडरीसारखा मऊपणा कमी झालाय. यलांग-यलांग हे फूल मात्र ईडीपी आणि एक्स्ट्रे दोन्हींत भरघोस. ते सीताफळाच्या कुळातलं. हिरव्या चाफ्याची सवय असलेल्या नाकाला त्यातला पिकल्या फळाचा वास लगेच लागतो.

नीना रिचीच्या लेर द्यु तांचा (१९४८) जीव कार्नेशनच्या फुलाच्या लवंगी तिखटपणात होता. तो देणारं आयसोयुजेनॉल आता नावापुरतंच घालता येतं, म्हणून आजची बाटली नुसती गोड लागते.

नावांचा घोळ वेगळाच. २०१८ मधला डिओरचा जॉय आणि जाँ पातूचा जुना जॉय यांचा वासाशी काही संबंध नाही. १९४७ चा मिस डिओर आणि आजचा मिस डिओर हेही दोन वेगळे परफ्यूम. आजचा हा २००५ च्या ‘शेरी’चा वंशज.

जुनी बाटली ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागवा. युरोपात २६ अ‍ॅलर्जिक घटकांची नावं छापणं मार्च २००५ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे घटकांत फक्त अल्कोहोल, पाणी, पार्फम (इथे म्हणजे सुगंध) एवढंच असेल तर माल बहुधा त्याआधीचा. यादीत ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल दिसलं तर ते लिलियाल, म्हणजे २०२२ च्या बंदीआधीची घडण. एव्हर्निया प्रुनास्ट्री लिहिलं असेल तर ओकमॉस आहे. खोकं नसेल आणि फक्त बाटली दाखवत असतील तर पुन्हा भरलेला माल असण्याचा धोका मोठा. तिथे आधी २ मिलीची कुपी मागवून बघा.

मागवण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परफ्यूम ज्वलनशील, त्यामुळे पार्सल बहुतेक वेळा रस्त्याने येतं. एप्रिल-मेमध्ये ट्रकच्या पत्र्याखाली तीन दिवस तापलेली बाटली घरी येईपर्यंत अर्धी मेलेली असते.

आलेली बाटली तपासताना पहिल्या दहा मिनिटांवर निकाल देऊ नका. संत्रं-बर्गमोटसारखे वरचे वास आधी खराब होतात आणि नेलपॉलिश किंवा आंबूस व्हिनेगरचा भास होतो. कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारून पंधरा मिनिटं ठेवा. तो भास उडून फूल वर आलं तर माल चांगला. अर्ध्या तासानंतरही खवट तेलाचा वास राहिला तर बाटली गेली. रंग गडद होणं एवढ्यावरून काही ठरत नाही. चमेलीचा अर्क काळाबरोबर काळवंडतोच. काशारेलच्या अनाइस अनाइस या परफ्यूमची जुनी पांढरी बाटली अपारदर्शक, तिच्यात प्रकाश शिरत नाही म्हणून माल छान टिकतो, पण किती उरलाय हे दिसत नाही. वजन करून घ्या.

काचेचं बूच अडकलं तर पक्कड लावू नका. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मानेभोवती दोन मिनिटं गुंडाळा, मग लाकडी चमच्याने बुचाला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलकं टिचवा. मान कोमट होऊन किंचित फुगते, बूच सुटतं. उडून कमी झालेल्या बाटलीत अल्कोहोल ओतून भर घालू नका, तोल बिघडतो. आणि जुन्या मालात आज बंद असलेले घटक असतात, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस वाट बघा.

ठेवायची जागा: पत्र्याच्या खोलीत नाही, न्हाणीघरात नाही, खिडकीत तर नाहीच. खोक्यासकट, डबा बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

लावायची पद्धतही इथल्या हवेप्रमाणे. कोरड्या उन्हात अल्कोहोल भसकन उडतं आणि वरचे वास पाच मिनिटांत संपतात. आंघोळीनंतर बिनवासाचं खोबरेल किंवा व्हॅसलीन मनगटावर पुसटसं चोळा, त्यावर एक फवारा. एक्स्ट्रेसाठी अत्तराची रीत सगळ्यात चांगली: कापसाचा ज्वारीएवढा फाया, त्यावर एक थेंब, मिनिटभर अल्कोहोल उडू द्या आणि मग कानाच्या पाळीवरच्या खळगीत ठेवा. दुपारी कूलरसमोर बसलात की दमट वाऱ्याने फाया पुन्हा वास सोडतो.